गुलबक्षीची मिशी

दि. ६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काळजीचं काही नाही, हे आधीच लिहून टाकते. पाकीट जाड लागलं की तू उभ्याउभ्या शेवटचं पान वाचतेस आणि मग मधलं सगळं रागाने वाचतेस. मी ठणठणीत आहे. दुकानही बरं चाललंय, बटणं आणि चेन कुणाला लागत नाहीत असं अजून झालेलं नाही. फोनच करणार होते, पण तुझ्या कानांपुढे मी हात टेकलेत. मागच्या वेळी मी जे ओरडून सांगितलं ते समोरच्या शिंप्याला कळलं, तुला नाही.

तर ऐक. म्हणजे वाच. मंगळवारी दुकानात एक बाई आल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, पुढच्या चौकात दवाखाना आहे. त्यांना पितळी दातांची जाड चेन हवी होती, गळ्यापासून कमरेपर्यंत पुरेल एवढी. मी म्हटलं, ती आता मिळत नाही, प्लास्टिकची घ्या. तर म्हणाल्या, छे, गुलबक्षीच्या सुटाला पितळीच होती. ताई, माझा हात बटणांच्या खणात होता तो तिथेच राहिला.

मग काउंटरवर कोपर टेकून त्या मला माझेच सिनेमे समजावून सांगायला लागल्या. जुने चार सिनेमे आहेत म्हणे, एजंट गुलबक्षी नावाच्या गुप्तहेर बाईचे. अंगाला घट्ट बसणारा गुलबक्षी रंगाचा सूट घालते, मारामारीच्या आधी तोंडाला पिवळा रुमाल बांधते आणि पुठ्ठ्याच्या गुहेत शिरून वीस-वीस माणसांना लोळवते. हेलिकॉप्टर खेळण्यातलं आहे आणि त्याची दोरी स्पष्ट दिसते. खलनायकाच्या टकलाचा रबर मानेपाशी सुटलेला आहे. इतकं वाईट आहे की डोळे भरून येतात, असं म्हणाल्या. त्यांचं चांगलं मोठं मंडळ आहे, सगळे आपापले कामधंदे करणारी माणसं, दर महिन्याला जमून हे सिनेमे बघतात. मी नुसती ऐकत होते. पण दोरीचं ऐकून माझी डावी भुवई वर गेली, आणि बाई बोलता बोलता थांबल्या. ही भुवई गुलबक्षीचीच, हे त्यांनी ओळखलं. मग काउंटरवरची टेप, कात्री, बटणांची बरणी सगळं पाडून त्यांनी माझा हात धरला.

आता पुढच्या महिन्यात जुन्या थिएटरात त्यांचा मोठा खेळ आहे आणि मला स्टेजवर बोलावलंय. लोक प्रश्न विचारणार. पहिला प्रश्न कुठला ते बाईंनी आत्ताच सांगून टाकलं. तिसऱ्या सिनेमात जिन्यावरच्या मारामारीत गुलबक्षीचा रुमाल क्षणभर घसरतो आणि खाली चक्क मिशी दिसते. ती कुणाची? मंडळात यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, तो गुलबक्षीच्या वेषातला खलनायक. दुसरा म्हणतो, गुलबक्षीने मिशी लावून खलनायकाला फसवलं. शहाणी माणसं यावरून एकमेकांशी बोलत नाहीत.

ताई, ती मिशी कुणाची हे आता आपल्या तिघांनाच माहीत. चेहरा माझा, आवाज तुझा आणि लाथा दाजींच्या. कंपनीच्या शेठने मात्र पोस्टरवर छापलं होतं की सगळ्या मारामाऱ्या नायिकेने स्वतः केल्या. आता मी स्टेजवर काय सांगू? मला खरं सांगायचंय. तुम्ही दोघं या. आपण तिघं मिळून जाऊ.

दाजींना नमस्कार. तुझं माझ्यावर जे काही उरलंसुरलं प्रेम असेल ते जपून ठेव, पुढे लागणार आहे.

तुझी,
भिंगरी


दि. १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी पत्रं मोठ्याने वाचते हे तुला ठाऊक आहे, हळू वाचलेलं मलाच ऐकू येत नाही. त्यामुळे ह्यांनीही सगळं ऐकलं. हे तेव्हा वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसले होते. मी मिशीपर्यंत आले तेव्हा ब्रश थांबला. पत्र संपल्यावर म्हणाले की असल्या कुठल्या सिनेमाबद्दल आपल्याला काही माहिती नाही. आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. सकाळीच घातलं होतं.

आता बायको म्हणून मी काय ह्यांच्या नडग्या ओळखत नाही? पण ह्यांनी कानावर हात ठेवले की ठेवले. चाळीस वर्षांत घरात हा विषय काढू दिलेला नाही. लेकीलाही पत्ता नाही. तिला एवढंच माहीत आहे की मावशी कधीकाळी सिनेमात होती आणि बाप शाळेत कवायत शिकवायचा.

तुला खरं सांगू? मला ह्यांची काळजी वाटते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे घराबाहेर पडत नाहीत. डॉक्टर म्हणतात गुडघा उत्तम आहे, चाला. हे खिडकीपाशी खुर्चीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या शाळेच्या पोरांची पावलं चुकतात ते बघून कण्हतात. रोज उठून बूट चकचकीत करायचे, पायात घालायचे आणि कुठेही जायचं नाही. म्हणून तुझं पत्र वाचून मी मनात म्हटलं, चला, ह्या निमित्ताने बूट उंबऱ्याबाहेर तरी जातील. पण कसलं काय.

माझ्या आवाजाचं कुणी काही म्हणालं का, हे तू लिहिलं नाहीस. तुझी ही सवय जुनीच. पहिल्या सिनेमाच्या वेळी मी तुझ्या सोबतीला म्हणून आले होते आणि आवाज देणारी बाई शेठशी भांडून निघून गेली होती, आठवतं ना? मला उचलून माइकपुढे उभी केली, भिंतीला घोंगड्या टांगलेल्या त्या कोंदट खोलीत. मला तेव्हा सडकून सर्दी झालेली. शेठ त्या बसक्या आवाजावर असा खूश झाला की पुढच्या तिन्ही सिनेमांना त्याला तोच आवाज हवा. मग काय, रेकॉर्डिंगच्या आधी मला ओल्या केसांनी पंख्याखाली बसवायचे. नाक गळायला लागलं की मगच रेकॉर्डिंगवाल्याला निरोप जायचा. एवढं करून पडद्यावर माझं नाव नाही ते नाहीच.

ह्यांच्या मागे फार लागू नकोस, पण सोडूही नकोस. तब्येतीला जप. थोरलीचा जीव तुझ्यात आहे हे मी पत्रातच लिहिते, समोर म्हणणार नाही.

तुझी,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा आवाज! अगं, सगळ्यात वेडी माणसं तुझ्या आवाजाचीच आहेत. गुलबक्षी रुमाल बांधताना जे म्हणते ते वाक्य मंडळात सगळ्यांना पाठ आहे. ‘रुमाल बांधला, ओळख संपली.’ डॉक्टरीणबाई दात उपटायच्या आधी मास्क बांधताना मनातल्या मनात तेच म्हणतात असं त्यांनी मला सांगितलं. पेशंटला सांगत नाहीत, हे त्यांचं चुकतंच.

दाजींचं वाचून मात्र वाईट वाटलं. मला वाटतं त्यांना त्या केसांच्या टोपाची लाज वाटत असणार. कवायतीच्या मास्तरांनी लांब केसांचा टोप आणि घट्ट सूट घालायचा म्हणजे तसं अवघडच. पण ते आले कसे त्यात, आठव. दाजी बिचारे माझा डबा पोचवायला आले होते. मारामारी करणारी मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती आणि डायरेक्टर डोकं धरून बसला होता. त्याने दाजींची शिडशिडीत अंगकाठी बघितली, माझी बघितली आणि सूट आणायला सांगितला. दाजी सगळ्याला हो म्हणाले. फक्त मिशी काढायला नाही म्हणाले. शेठ ओरडला, डायरेक्टर विनवण्या करून थकला, न्हावी येऊन वस्तरा परजून परत गेला. शेवटी मी डब्याभोवतीचा पिवळा रुमाल सोडून दिला आणि म्हटलं, हा बांधा तोंडाला. आणि त्या डब्याच्या रुमालाला आता मंडळी गुलबक्षीचं निशाण म्हणतात.

तसंच ते पायाचं. लाथ मारायच्या आधी दाजी बुटाचं टोक जमिनीवर दोनदा आपटायचे, पोरांना कवायत सुरू करून द्यायची त्यांची सवय. डायरेक्टरला वाटलं ही मोठी अदा आहे, म्हणून त्याने माझ्याकडूनही ती करून घेतली. मंडळातले लोक सिनेमा बघताना त्या जागी पाय आपटतात. परवा त्यांनी मला एक तुकडा दाखवला. गच्चीच्या कठड्यावरची ती लाथ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे वळून वळून बघितलं, आणि मी हसून मान डोलावली. ताई, घरी येऊन मला जेवण गेलं नाही. कुणाचा तरी कोट अंगात घालून फिरल्यासारखं वाटत होतं. दाजी आले नाहीत तर मी बाईंना सरळ नाही म्हणून सांगणार आहे. त्यांचं कौतुक मी परत एकदा गिळणार नाही.

आणि हो, तो मूळचा रुमाल तुझ्याकडेच असेल. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बघ. बघणार म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी वर चढव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी स्वतःच चढले. स्टूल हललं. रुमाल सापडला आणि पाय मोडला. घोट्याच्या वर प्लास्टर आहे, दीड महिना राहील. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. गुलबक्षीच्या आवाजाने पाय मोडून घेतला आणि गुलबक्षीचे पाय घरात शाबूत बसलेत. लेक रजा काढून आली आहे. तिला वाटतं मी माळ्यावर जुने पडदे शोधत होते.

पण लिहायचं ते वेगळंच आहे, नीट वाच. मी खाली पडले होते, मुठीत रुमाल होता. हे धावत आले. धावत, भिंगरी. गुडघ्याचं नाव नाही. मला उचलून कॉटवर ठेवलं आणि हातातला रुमाल बघून मटकन बसले. दुखण्याने माझं डोकं फिरलं होतं, मी म्हटलं की टोपाची एवढी कसली लाज, बहीण बिचारी तळमळते आहे. तर ह्यांनी माझ्या मुठीतला रुमाल सोडवून घेतला. मग कानाशी तोंड आणून म्हणाले की लाज कसली, त्या चार सिनेमांइतकी मजा आपल्याला आयुष्यात कधी आली नाही. पण शब्द दिलेला आहे.

कुणाला, तर तुला! पहिल्या सिनेमाच्या वेळी, पुठ्ठ्याच्या गुहेच्या मागे. शेठने तुला दम भरला होता म्हणे की मारामाऱ्या दुसऱ्याच कुणीतरी केल्या हे बाहेर फुटलं तर तुला काढून दुसरी मुलगी आणीन. तू एकोणीस वर्षांची पोर, रडून डोळे सुजवून घेतलेस आणि ह्यांच्याकडून वचन घेतलंस की काही झालं तरी कुणाला सांगायचं नाही. लेकीला सांगितलं नाही ते त्याच्यामुळे. आणि मी, म्हणजे ह्यांची बायको, इतकी वर्षं टोप धरून बसले होते.

मी म्हटलं, अहो, तीच तर आता सांगा म्हणते आहे. त्यावर ह्यांचं म्हणणं असं की पोरगी उत्साहात बोलते. टाळ्या पडतील तोवर ठीक, नंतर लोक तिला हसतील, पोस्टरवर खोटं छापलं म्हणतील आणि ती दुकानात एकटी बसून रडेल. ह्यांच्या लेखी तू अजून गुहेच्या मागेच बसलेली आहेस.

तुला हे आठवतं का? आठवत असेल तर ह्यांनाच लिही. माझ्याकरवी निरोप नकोत, मी आधीच एका पायावर आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा जास्त.

तुझी,
ताई


दि. १ मार्च

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि बसून राहिले. मला ते वचन आठवत नव्हतं, दाजी. रडलेलं आठवत होतं, गुहेच्या पुठ्ठ्याला खळीचा वास यायचा तो आठवत होता, तुम्ही मला तुमचा हातरुमाल दिला होता तेही आठवत होतं. वचन मात्र मी घेतलं आणि तिथेच टाकून आले. आणि तुम्ही ते उचलून इतकी वर्षं सांभाळलंत. मी तुम्हाला लाजाळू समजत होते. मला स्वतःचाच राग आला आणि तुमच्याबद्दल इतकी माया वाटली की समोरच्या शिंप्याने येऊन विचारलं, बरं आहे ना.

तुम्हाला वाटतं लोक मला हसतील. दाजी, ते हसतातच. हसायलाच येतात. टकलाचा रबर सुटला की थिएटर डोक्यावर घेतात, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसते. माझी नोकरी जाईल अशी भीती आता नाही, दुकान माझ्याच नावावर आहे. शेठ गेला, कंपनी गेली, गुहा तर आधीच पावसात भिजून गेली. राखायचं असं त्यातलं काही राहिलेलं नाही. उलट तुमच्या लाथेचं कौतुक कुणी माझ्या पदरात टाकलं की तेवढं मला पेलत नाही.

तेव्हा मी तुमचा शब्द तुम्हाला रीतसर परत करते आहे. पोरगी उत्साहात आहे असं समजू नका, हे मी तीनदा लिहून, दोनदा फाडून, चहा पिऊन शांतपणे लिहिलंय. यायचं की नाही, कुणाला सांगायचं की नाही, हे आता पूर्णपणे तुमच्यावर. मी आग्रह करणार नाही. पण पहाऱ्यावरच्या माणसाला कुणीतरी येऊन सुट्टी द्यावी लागते, तो आपण होऊन जागा सोडत नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलंय. फार उशिरा देते आहे, पण देते.

दाजी, विश्राम.

तुमच्या मायेत वाढलेली,
भिंगरी


दि. ५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र पोचले. आज्ञा मिळाली.

खेळाच्या दिवशी दुपारच्या बसने येतो. स्टँडवर घ्यायला येऊ नये. थिएटर मला माहीत आहे. मागच्या रांगेत बसेन. स्टेजवर माझे नाव घेऊ नये व मला बोलावू नये. पुढचे पुढे पाहू.

तुझ्या ताईची प्रकृती ठीक आहे. चिडचिड करते, म्हणजे सुधारत आहे. तिला सोबत आणता येत नाही याचे वाईट वाटते. लेक तिच्याजवळ आहे.

रुमाल आणत आहे. धुऊन इस्त्री केला आहे.

कोणी सुचवल्यास आधीच सांगून ठेवतो, मिशी काढणार नाही.

तुझा,
दाजी


दि. १६ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजी तुला काय सांगणार ते मला ठाऊक आहे. कार्यक्रम बरा झाला, बसला गर्दी नव्हती. म्हणून सगळं मी लिहिते. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. त्यांनी बसमध्ये उघडून वाचायचं नाही असं बजावलंय आणि त्यांचा शब्द म्हणजे काय हे आता आपल्याला कळलंच आहे.

थिएटर गच्च भरलं होतं. दारातच मंडळातली माणसं येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला पिवळा रुमाल बांधत होती. डॉक्टरीणबाई नव्या सुटात, पितळी चेनसकट. ती चेन मी जुन्या तंबूवाल्याकडून मिळवली. मी पडद्याआडून दाजींना शोधायला लागले तर काय, समोर सगळे रुमालच रुमाल. कोण म्हातारं, कोण तरणं, काही कळेना. आले आहेत की नाही हेही कळेना.

सिनेमा लागला तो तिसराच. ताई, तुझं वाक्य आलं तेव्हा सगळ्या थिएटरने नाक चिमटीत धरलं, तुझा सर्दीतला आवाज काढायला! डावीकडून, उजवीकडून, वरच्या गॅलरीतून तुझाच आवाज. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. बसकं, गेंगाणं, पण तूच. तुझ्या त्या ओल्या केसांचं चीज झालं असं मी तुला शपथेवर सांगते. मग जिन्यावरची मारामारी आली. मिशी दिसली आणि एवढ्या शिट्ट्या पडल्या की ऑपरेटरने तो तुकडा परत मागे नेऊन दाखवला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

नंतर मला स्टेजवर खुर्ची दिली आणि डॉक्टरीणबाईंनी माइक हातात घेऊन तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, आधी एक ऐका. गुलबक्षी एक नव्हती, तीन होत्या. चेहरा माझा. आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा, तो तुम्ही नाक धरून काढता तसाच, फक्त तिची सर्दी खरी होती. ती आज घरी पाय वर करून पडली आहे, कारण गुलबक्षीचा मूळचा रुमाल शोधताना ती स्टुलावरून पडली. लोकांनी तुझ्यासाठी उठून टाळ्या वाजवल्या, ताई. उठून. आणि पाय? मी म्हटलं, पाय माझे नव्हते. पोस्टरवर छापलं होतं ते खोटं होतं. ज्यांचे होते त्यांनी मला नाव घ्यायला मनाई केली आहे, आणि त्या माणसाने माझ्यासाठी एक शब्द इतकी वर्षं पाळला, तेव्हा मी त्यांचा एवढा तरी पाळणार.

कुणी हसलं नाही. नुसती कुजबुज झाली. आणि मग मागून आवाज आला. लाकडी जमिनीवर बुटाचं टोक, दोनदा.

सगळ्या माना वळल्या. तो आवाज त्यांना झोपेतही ओळखू येतो ना! दाजी उभे होते. मधल्या वाटेने ते चालत आले, ताठ, काठी नाही, बुटांत दिवे चमकत होते. पायऱ्या चढले. माझ्या शेजारी येऊन त्यांनी रुमालाची गाठ सोडली, रुमाल नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि समोर बघितलं. मिशी आता पांढरी झालीय, पण आकडा तोच. ताई, काय सांगू तुला! दोन्ही तटांतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. चुकीचे दोघंही ठरले होते, पण वाईट कुणालाच वाटलं नाही.

कुणीतरी लाथ मारून दाखवा म्हणालं. दाजींनी माइक मागून घेतला. ते एवढंच बोलले, “लाथा माझ्या होत्या. भीती हिला वाटायची, मला नाही. भीती वाटत असताना चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, ते काम माझ्याच्याने झालं नसतं.” मी एकोणीस वर्षांची असतानाही रडले नव्हते इतकी रडले. मग त्यांनी टाचा जुळवल्या आणि सावधान म्हणून असा आवाज दिला की सगळं थिएटर ताडकन उभं राहिलं, डॉक्टरीणबाईंची नवी चेन उसवली. कितीतरी वेळ कुणी बसेना. शेवटी मीच डोळे पुसून विश्राम म्हटलं.

मंडळाने सह्या मागितल्या. त्या मूळच्या रुमालावरच दाजींनी एका कोपऱ्यात ‘पाय’ असं लिहून सही केली, मी दुसऱ्या कोपऱ्यात ‘चेहरा’ लिहून केली. मधली जागा मोकळी आहे. ती कुणाची ते तुला सांगायला नको. सही करून पाठव, बाईंना तो दवाखान्यात काचेच्या चौकटीत लावायचाय. पेशंट तोंड उघडून बसतील आणि समोर आपण तिघं.

प्रेम असू दे, राग असला तर पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
चेहरा


दि. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

सोबत रुमाल पाठवते आहे. सही मध्ये केली आहे आणि तुमच्या दोघांच्या सह्यांपेक्षा मोठी केली आहे. मागची थकबाकी समज.

हे काल दुपारी आले. तुझं पत्र बंदच होतं. मी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? म्हणाले, बरा झाला, बसला गर्दी नव्हती. मग लेकीला हाक मारून समोर बसवलं. ते बोलत होते तेव्हा तोंड तिच्याकडे होतं, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. मी तिचा चेहरा बघत होते. आधी तिला वाटलं बाप थट्टा करतोय. मग ती हसायला लागली, मग हसता हसता तिने ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. आता पोस्टर कुठे मिळेल ते शोधत बसली आहे. माझ्यावर रुसलीय, पडदे शोधत होते असं सांगितलं म्हणून.

आज सकाळी हे उठले, पॉलिशचा डबा घेऊन बसले. मी कॉटवरून बघत होते, म्हटलं आता पुन्हा खिडकी आणि खुर्ची. तर बूट घालून, टोपी घालून हे दाराकडे वळले. शाळेच्या मैदानावर जाऊन येतो, पोरांची पावलं फार चुकतात, असं माझ्याकडे तोंड करून सांगितलं. उंबऱ्यात थांबले, पाठमोरे. मला ऐकू काही आलं नाही, भिंगरी, पण माझा मोडका पाय जमिनीला टेकलेला होता. प्लास्टरमधून मला कळलं, दोनदा.

तुझी,
आवाज